आत्या, ते व्रत नव्हतं

प्रिय आत्या,

आधी चूक दुरुस्त करते. बाकीचं मग.

तुझ्या तेराव्याला बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. बाबा म्हणाले, "गौरी, तू ताईबरोबर होतीस, तूच सांग." मी उभी राहिले आणि सांगितलं, की आत्याने त्या दिवशी निर्जल व्रत धरलं होतं. नर्मदेच्या काठाने चालताना पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही असा तिचा संकल्प होता आणि तो तिने शेवटपर्यंत मोडला नाही.

ते चूक आहे. तुझं कसलंही व्रत नव्हतं.

मी खोटं बोलत नव्हते, एवढं तरी मान. तू मला जे सांगितलंस तेच मी पुढे सांगितलं. खरं तू मलाही सांगितलं नव्हतंस. का गं? मला तरी सांगायचं होतंस!

लहानपणी माझा दमा इतका होता की तिसरीपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. तुझी शाळा सुटली की माझी सुरू व्हायची, ओट्याशेजारच्या टेबलावर. तू सांगायचीस, "चुकलं तर खोडून खोडून कागदाला भोक पाडू नकोस गौरे. एक सरळ रेघ मार आणि शेजारी बरोबर लिही." आज तेच करते आहे. फक्त ही रेघ तुझ्यावरून जाते आहे, म्हणून हात थांबतोय.

आत्ताच का लिहिते ते सांगते. चैत्र जवळ आला आहे. तुझ्या भजनी मंडळातल्या बायका या चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला निघणार आहेत. आपण गेलो होतो तीच वाट, नर्मदा जिथे उत्तरेला वळते तो पट्टा, एका दिवसात एका काठाने जायचं आणि दुसऱ्या काठाने यायचं. मंदाकाकूंनी पुढाकार घेतला आहे. पिवळ्या साड्या ठरल्या आहेत. एक कापडी फलक रंगवून आणला आहे. त्यावर लाल अक्षरांत तुझं नाव आणि खाली लिहिलंय, 'निर्जल परिक्रमा'.

सगळ्या साठीच्या पुढच्या. कुणाला रक्तदाब, कुणाला साखर. आणि सगळ्या दिवसभर पाणी न पिता चालणार आहेत, चैत्रातल्या उन्हात, कारण तू चाललीस. कारण तू चाललीस असं मी सांगितलं.

आता कळलं, मी आत्ताच का लिहिते आहे?

हे मला तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून, निर्मलाकडून समजलं. मागच्या आठवड्यात निर्मलाकाकू आल्या होत्या. बाबा बाहेर गेले होते. मी चहा ठेवला तर म्हणाल्या, "अर्धाच दे हं. सवय करतेय." कसली सवय, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, निर्जल चालायचंय ना! सकाळचं पाणी बंद केलं, आता चहा अर्ध्यावर आणलाय."

मी म्हटलं, "काकू, हे व्रत आत्याचं होतं. तुम्ही कशाला? तुम्हाला गोळ्या चालू आहेत."

त्या हसायला लागल्या. आधी मला वाटलं ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "सुमीचं व्रत? कसलं व्रत गं? जन्मभर एका शाळेत शिकवलं आम्ही. बायकांचा संडास मैदानापलीकडे, त्याला आतून कडी नाही, आणि समोर दहावीची पोरं क्रिकेट खेळताहेत. तुझी आत्या घरून निघाली की घरी येईपर्यंत पाण्याला शिवायची नाही. मी म्हणायचे, सुमे, तू उंट आहेस का? तर म्हणायची, उंट बरा, त्याला पेपर तपासावे लागत नाहीत."

आत्या, हे वाक्य तुझंच. ते ऐकलं आणि तू क्षणभर खोलीत आहेस असं वाटलं.

"आणि प्रवासात तर हिची कायमची एकादशी," काकू म्हणाल्या. "पंचांगात असो नसो. कुणी आग्रह केला की 'आज उपवास आहे' म्हणायचं. उपवासाला कुणी पुढे प्रश्न विचारत नाही ना!"

मी विचारलं, "मग तेराव्याला तुम्ही गप्प का बसलात?"

त्यांचं हसू गेलं. "काय बोलू? तुझे बाबा बसलेले, भटजी बसलेले, सगळे पुरुष बसलेले. त्यांच्यासमोर सांगू, की हिला मुतायला आडोसा नव्हता म्हणून ही गेली?" आणि तो शब्द तोंडातून गेल्याबरोबर त्यांनी पदर तोंडाला लावला. घरात आम्ही दोघीच होतो, तरी!

"आता तरी सांगा," मी म्हटलं. "मंडळात सांगा."

"मी नाही बाई. आणि तूही सांगू नकोस. सुमी लाजेने दुसऱ्यांदा मरेल."

"मग तुम्ही जाऊ तरी नका."

"सगळ्या जाताहेत. मी एकटी मागे राहू? की बाटली काढून घोटघोट पीत चालू सगळ्यांसमोर?"

त्या गेल्यावर मी कपातला उरलेला चहा बघत बसले. त्यांनी अर्ध्यातलाही अर्धा ठेवला होता.

तेव्हापासून मी तो दिवस पुन्हा पुन्हा चालते आहे. प्रत्येक ठिकाणी थांबून बघते, इथे मला कळायला हवं होतं का?

उजाडताना आपण रामपुऱ्याच्या घाटावर होतो. गाडीने डभोईवरून येताना तू खिडकीशी बसून दिव्यांच्या उजेडात दिसणाऱ्या पाट्यांवरची सगळ्या गावांची नावं मला वाचून दाखवत होतीस, जणू मी अजून अक्षरं लावतेय. घाटावर तू बाटलीत नदीचं पाणी भरून घेतलंस, पूजेचं. ती इवलीशी बाटली तू झोळीत ठेवलीस. मी आपली मोठी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणालीस, "मला नको. आज माझं मय्याचं व्रत आहे. निर्जल." इतक्या सहज म्हणालीस! मी म्हटलं, "आधी नाही बोललीस?" तर म्हणालीस, "व्रताची दवंडी पिटायची असते का?"

मला तुझा अभिमान वाटला, आत्या. खरंच वाटला. आपली आत्या केवढी, असं वाटलं.

त्याच घाटावर पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या उभ्या केल्या होत्या. तू तिकडे गेलीस आणि लगेच परत आलीस. मी विचारलं, "झालं?" तू म्हणालीस, "गर्दी आहे." मी बघितलं होतं तिकडे. दार अर्धं लोंबत होतं आणि रांगेत पुरुषही उभे होते. मी बघितलं होतं! आणि पुढे काहीच जोडलं नाही मनात.

सकाळ चांगली गेली. नदी उजव्या हाताला, केळीच्या बागांमधून वाट, माणसांची नुसती रीघ. नाशिककडची मंडळी मोठ्याने अभंग म्हणत होती, गुजराती मंडळी धून गात होती, आणि तू दोन्हींत सूर मिसळत होतीस. एका गावात बायका रस्त्यावर हंडे मांडून ताक वाटत होत्या. एक मुलगी तुझ्यापुढे ग्लास धरून म्हणाली, "लो माजी, छाश पीओ. ठंडी छे." तू हात जोडलेस, "व्रत छे बेटा. नर्मदे हर." तिने तुझ्या पाया पडून ग्लास मला दिला. मी प्यायले. तू माझ्याकडे बघत होतीस. ताक गार होतं, वर जिरं होतं. मी तुला तेही सांगितलं. किती मूर्ख मी!

नाशिकच्या एका काकांनी चिडवलं, "आजी, या वयात निर्जल? आम्ही तर तीन ग्लास मारले!"

"वय विचारू नका," तू म्हणालीस, "चाल विचारा." आणि त्यांना मागे टाकून गेलीस. सगळे हसले. मीही.

मग ऊन चढलं. तिलकवाड्याला जाण्यासाठी होडीची रांग होती, वाळूत, डोक्यावर काही नाही. तिथे आपल्या पुढे खेड्यातल्या चार-पाच बायका होत्या. त्या रांगेतून बाहेर पडल्या, त्यांच्यातल्या दोघींनी एक चादर ताणून धरली आणि एक एक जण चादरीमागे जाऊन आली. आल्यावर घटाघटा पाणी प्यायल्या आणि पुन्हा रांगेत. काही विशेष झालंच नाही अशा. तू मान फिरवलीस. "काय हे, घाटावर!" म्हणालीस. मग थोड्या वेळाने, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणालीस, "बरं आहे बाई त्यांचं."

ते मी ऐकलं होतं, आत्या. ते मी तेराव्याला सांगितलं नाही, कारण तेव्हा त्याचा काही अर्थ आहे असं मला वाटलंच नव्हतं. तुला त्या चादरीमागे जायचं होतं ना? तू म्हटलं असतंस तर मी त्यांना विचारलं असतं. त्या नाही म्हणाल्या नसत्या. मी माझी ओढणी धरली असती. सगळ्या घाटाकडे पाठ करून उभी राहिले असते!

पण तू म्हणाली नसतीस. आणि मला विचारायचं सुचलं नसतं. आपल्या घरात त्या गोष्टीला शब्दच कुठे होता? दोन बोटं, करंगळी, 'जरा आत जाऊन येते'. तू मला शब्दांचे अर्थ शिकवलेस, विरुद्धार्थी शिकवलेस, पत्राचा मायना शिकवलास. आणि हेही शिकवलंस, "प्रवासात पाणी बेताने पी." का, ते कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. इथे बडोद्यात, अलकापुरीतल्या ऑफिसात मी दिवसभर औषधांच्या पाकिटातल्या माहितीपत्रकाचं मराठी आणि गुजराती तपासते. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माझी झोप उडते. आणि बस लांबची असली की मी आजही आदल्या दिवसापासून पाणी कमी करते. परवा लक्षात आलं. तुझी शिकवण किती पक्की बसली आहे बघ!

पलीकडच्या काठाला चालायला लागलो तेव्हा तू बोलेनाशी झालीस. मला वाटलं, जप करतेस. तुझे ओठ पांढरे पडले होते. घाम येत नव्हता. मी म्हटलं, "आत्या, चेहऱ्याला तरी पाणी लावू?" तू मान हलवलीस. मग मध्येच थांबून विचारलंस, "शाळा सुटली का गं?"

मी हसले. मला तुझा विनोद वाटला.

तू पुन्हा विचारलंस. "सुटली का? मला घरी जायचंय पटकन." तेव्हा मी घाबरले. कडुनिंबाखाली तुला बसवलं, तुझं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. ते ओठांवरून खाली आलं. लोक जमले. कुणी फोन लावला, कुणी वारा घातला, कुणी 'नर्मदे हर' म्हणायला लागलं आणि बघता बघता सगळेच म्हणायला लागले. तू म्हणत नव्हतीस. मी तेराव्याला म्हटलं होतं की तुझ्या ओठांवर शेवटपर्यंत मय्याचं नाव होतं. त्यावरही रेघ मारते. आजूबाजूचे म्हणत होते. तू फक्त घरी जायचंय म्हणत होतीस.

१०८ची गाडी आली. डभोईच्या अलीकडेच तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, शरीरात पाणीच उरलं नव्हतं. बाबांनी ते असं ऐकलं की जणू तुझ्या व्रतावर कुणी शिक्काच मारला. येणाऱ्या जाणाऱ्याला ते सांगायचे, "डॉक्टर सुद्धा म्हणाले, थेंब नव्हता अंगात. काय निग्रह!" आणि लोक म्हणायचे, भाग्यवान हो. मय्याने बोलावून घेतलं. काठावर मरण आलं.

डभोईच्या रस्त्यावर आलं, आत्या. गाडीत, हॉर्नच्या आवाजात. मी तुझा हात धरला होता आणि तो खरखरीत, तापलेला होता. त्याला कुणी भाग्य का म्हणावं?

काल मी बाबांना सगळं सांगितलं. निर्मलाकाकूंचं नाव न घेता. ते पेपर वाचत होते. मी बोलत असताना त्यांनी पेपर खाली केला नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग पेपरामागून म्हणाले, "ताई शाळेतून आली की चप्पल सुद्धा न काढता मागच्या अंगणात धावायची. रोज. आई ओरडायची, चपला घेऊन कुठे चाललीस! आम्ही भाऊ टाळ्या पिटायचो. शर्यत म्हणायचो तिला."

मग पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

"म्हणजे मला माहीत होतं," म्हणाले. "आणि मी जोडलं नाही."

"मीही नाही जोडलं, बाबा."

"पण गुरुवारी सांगू नकोस, गौरी." गुरुवारी मंडळाची शेवटची बैठक आहे, मंदाकाकूंकडे. बाबांना बोलावलं आहे. त्यांच्या हस्ते नारळ फोडायचा आणि फलकाला हार घालायचा असं ठरलंय. "ताईचं मरण व्रताचं होतं, एवढंच धरून मी हे वर्ष काढलं. ते गेलं की माझ्याकडे काय राहतं? एक म्हातारी बाई तहानेने मेली, एवढंच ना?"

मी म्हटलं, "हो बाबा. एवढंच."

ते उठून आत गेले. मला वाटलं होतं, मी त्यांच्यामागे जाईन. गेले नाही. मी इतकी कठोर कधीपासून झाले? तुझ्यासमोर मी कुणाला असं उत्तर दिलं असतं तर तू कान धरला असतास. पण सांग, दुसरं काय म्हणू? तो फलक रंगवून झाला आहे. साड्यांना फॉल लावून झाले आहेत. निर्मलाकाकूंचा चहा अर्ध्यावर आला आहे.

मी मंदाकाकूंना एकदा फोन केला होता, बाबांना सांगायच्या आधी. नुसतं उन्हाचं कारण काढून बघितलं. म्हटलं, "काकू, निर्जल नको ना, ताक तरी घ्या." तर म्हणाल्या, "गौरी, तुझ्या आत्याला जमलं ते आम्हाला जमणार नाही असं वाटतं का तुला? आम्हीही बडोद्याच्या बायका आहोत!" आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? दिवसभर पाणी नाही म्हटलं की एक काळजी मिटते बघ. एवढ्या गर्दीत बाकीची पंचाईत नको."

म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे! सगळ्यांनाच ठाऊक असेल, आत्या. प्रत्येकीला वाटत असेल की ही पंचाईत आपली एकटीची आहे आणि व्रत मात्र सगळ्यांचं आहे. तू एकटी होतीस म्हणून तुला व्रत हा शब्द शोधावा लागला. त्यांना तो आयता मिळाला. माझ्या तोंडून मिळाला.

तू रागावशील, मला माहीत आहे. ज्या गोष्टीसाठी तू जन्मभर पाणी टाळलंस ती मी भरल्या घरात, बाबांसमोर, हार घातलेल्या तुझ्या नावासमोर बोलणार आहे. तू पाय पोटाशी घेऊन बसशील. डोळ्यांवर हात धरशील. 'गौरे, शरम आहे की नाही?' म्हणशील. आहे गं. खूप आहे. आत्ता लिहितानाही कान गरम झालेत. तुझी भाची आहे मी, शरम कमी कशी असेल? पण तुझी लाज राखायची तर त्यातल्या एखादीचं डोकं मला पुन्हा कुठल्या तरी झाडाखाली मांडीवर घ्यावं लागेल. त्यापेक्षा तू माझ्यावर रागाव. कायमची रागाव.

कदाचित मी बोलले तरी त्या जातील. कदाचित मंदाकाकू माझा अपमान करतील, आणि बाबा घरी आल्यावर बोलणार नाहीत माझ्याशी. मला त्याची भीती वाटते. जीभ अडकेल, दमा लागेल, मी मध्येच रडेन. चालेल. रडून झाल्यावर पुढचं वाक्य म्हणेन.

तर वचन देते. आडपडदा ठेवून सांगणार नाही. 'तब्येतीमुळे', 'उन्हामुळे' असं म्हणणार नाही. निर्मलाकाकूंनी पदराआड घातलेला शब्द मी उघडा म्हणेन. तू व्रत केलं नाहीस, तुला जागा नव्हती, असं म्हणेन, आणि बाबांच्या हातात नारळ असतानाच म्हणेन, फोडायच्या आधी.

आज मंगळवार. परवा, गुरुवारी, दुपारी चार वाजता.

तुझी,
गौरी